किडनीचा जुना आजार आणि मोतीबिंदू : वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीच पत्रे मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णांची किंवा त्यांच्या घरच्यांची होती. नागपुरात रुग्ण तपासताना मलाही हेच दिसते. डायलिसिसवर असलेल्या माणसाला अंधुक दिसू लागले की घरचे लोक एकतर ‘वयाचा मोतीबिंदू असेल, पिकू द्या’ म्हणून थांबतात, नाहीतर ‘किडनी गेलेली आहे, आता डोळ्याला हात लावायला नको’ म्हणून थांबतात. या दोन्ही प्रकारच्या थांबण्याने वाचवता येण्याजोगी दृष्टी गेलेली मी पाहिली आहे, म्हणून या अंकात याच विषयावरची पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि जागेअभावी पत्रांतला आवश्यक तेवढाच भाग छापला आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५८ आहे. त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबही आहे आणि दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. नातेवाईक म्हणतात की हा मोतीबिंदू डायलिसिसमुळेच झाला. डायलिसिस थोडे कमी केले तर डोळे वाचतील का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

सर्वांत आधी एक विनंती करतो. डायलिसिस कमी करण्याचा विचार मनातून पूर्णपणे काढून टाकावा. त्याने डोळे वाचणार नाहीत आणि जिवाला मात्र धोका होईल.

आता नातेवाइकांच्या शंकेकडे वळू. ती शंका निराधार नाही, पण ज्या गोष्टीला ते दोष देत आहेत ती गोष्ट वेगळी आहे. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या पुढच्या बाजूला पाण्यासारखा जो द्रव असतो, त्यातूनच त्याला पोषण मिळते, आणि हा द्रव शेवटी रक्तापासूनच तयार होत असल्यामुळे रक्तात जे साठते त्याचा अंश भिंगापर्यंत पोहोचतो. भिंग पारदर्शक राहते ते त्यातील क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांच्या अतिशय शिस्तबद्ध मांडणीमुळे. या प्रथिनांचे एक वैशिष्ट्य असे की भिंगाच्या अगदी मध्यभागातील प्रथिने आपण जन्माला येण्यापूर्वीच तयार झालेली असतात आणि ती आयुष्यभर बदलली जात नाहीत. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी सतत नव्याने तयार होतात, त्यामुळे तिथली इजा काही काळाने निघून जाते. भिंगातील प्रथिनांना झालेली इजा मात्र वर्षानुवर्षे साठतच जाते.

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रक्तातील युरिया वाढतो. युरियापासून अल्प प्रमाणात सायनेट नावाचा पदार्थ आपोआप तयार होत असतो आणि तो प्रथिनांना कायमचा चिकटतो. या प्रक्रियेला कार्बामायलेशन म्हणतात. अशी प्रथिने आपली घडी सोडतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि त्यांवरून प्रकाश विखुरला जातो. रुग्णाला जे धुरकट दिसते ते याच विखुरण्यामुळे. याशिवाय मूत्रपिंडाच्या आजारात शरीराची ऑक्सिडीकरणाला तोंड देण्याची ताकद कमी पडते, आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पुरेसे तयार न झाल्यामुळे व फॉस्फरस साठल्यामुळे रक्तातील कॅल्शियम घटू शकते. कॅल्शियम दीर्घकाळ कमी राहिले तर मोतीबिंदू होतो, हे पॅराथायरॉइड ग्रंथीच्या आजारांवरून फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे दोष जातो तो साठणाऱ्या युरियाकडे आणि क्षारांच्या बिघाडाकडे. डायलिसिस तर तोच युरिया बाहेर काढत असते.

मात्र आपल्या यजमानांच्या बाबतीत सगळा भार किडनीवर टाकणे मला योग्य वाटत नाही. त्यांना १८ वर्षांचा मधुमेह आहे. रक्तातील साखर वाढली की भिंगात सॉर्बिटॉल साठते, ते पाणी ओढून घेते आणि भिंगाचे तंतू फुगतात. मोतीबिंदू लवकर येण्याचे आपल्याकडचे एक प्रमुख कारण मधुमेह हेच आहे. त्याच मधुमेहाने मूत्रपिंडेही बिघडवली असण्याची शक्यता मोठी आहे. तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या प्रचंड नोंदींच्या आधारे जे अभ्यास झाले, त्यांत मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या लोकांत मोतीबिंदूचे प्रमाण अधिक आढळले. पण असे अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच दाखवतात. वय, मधुमेह, रक्तदाब, स्टेरॉइडची औषधे या गोष्टी दोन्ही आजारांत सामाईक असल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. किडनीचा आजार मोतीबिंदूचा धोका वाढवतो असे मानण्यास सबळ आधार आहे, परंतु तो एकटा क्वचितच काम करतो, असे माझे मत आहे.

डायलिसिस संपल्यावर काही तास अंधुक दिसते, चष्मा बरोबर नाही असे वाटते, अशी तक्रार काही रुग्ण करतात. रक्तातील युरिया व पाणी यांचे प्रमाण झपाट्याने बदलते, त्या मानाने डोळ्यातले संतुलन हळू बदलते, आणि रक्तदाबही खाली येतो. हा त्रास तात्पुरता असतो आणि त्याला मोतीबिंदू समजू नये. चष्म्याचा नंबर आणि शस्त्रक्रियेपूर्वी बसवायच्या भिंगाचे मोजमाप या दोन्ही गोष्टी डायलिसिस नसलेल्या दिवशी, साखर स्थिर असताना करून घ्याव्यात.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: “यांचा पडदा तपासला का?” बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून दृष्टिपटलाची तपासणी झाल्याशिवाय, दीर्घकाळ मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्या माणसाच्या अंधुकपणाला नुसता ‘मोतीबिंदू’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. मूत्रपिंडातील गाळणीच्या बारीक रक्तवाहिन्या आणि पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या मधुमेहात बहुधा जोडीने बिघडतात. मोतीबिंदू इतका दाट असेल की आतले काही दिसतच नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे की नाही, मागे रक्त साचले आहे का, हे पाहता येते.

प्रश्न : माझे वडील काटोलजवळ संत्र्याची बाग सांभाळतात. वय ६४. त्यांना मधुमेह नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा पदार्थ) वाढलेले आहे आणि आता मोतीबिंदूही सांगितला आहे. आयुष्यभर उन्हात काम केल्यामुळे दोन्ही झाले असेल का? — एक वाचक, काटोल

आपण विचारलेला प्रश्न संशोधकांनाही बराच काळ पडलेला आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच भागाजवळ झाली. १९८४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तीव्र अतिसार किंवा उष्माघात यांमुळे शरीरातील पाणी अतिशय कमी होण्याचे प्रसंग ज्यांच्या आयुष्यात येऊन गेले, त्यांच्यात मोतीबिंदू अधिक आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पाणी घटले की रक्तातील युरिया एकदम वाढतो आणि वर सांगितलेली सायनेटची प्रक्रिया वेग घेते, असे स्पष्टीकरण तेव्हा पुढे आले. त्यानंतर बांगलादेशात आणि भारतातही झालेल्या काही अभ्यासांत असा स्पष्ट संबंध आढळला नाही. त्यामुळे उष्माघाताने मोतीबिंदू होतो, असे आज ठामपणे म्हणता येत नाही.

उन्हातील अतिनील किरणांचा मुद्दा वेगळा आहे आणि तो अधिक पक्का आहे. १९८८ साली अमेरिकेतील चेसापीक उपसागरात काम करणाऱ्या मच्छीमारांच्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या डोळ्यांवर अतिनील-ब किरण अधिक पडले, त्यांच्यात भिंगाच्या कडेकडून सुरू होणारा कॉर्टिकल मोतीबिंदू अधिक होता. बागेत दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसालाही हे लागू पडते. डोक्याला दुपट्टा आपल्याकडे सगळेच बांधतात, पण त्याने डोळ्यांवर सावली पडत नाही. रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा यांचा उपयोग त्याहून कितीतरी अधिक होतो. तंबाखू ओढण्याची सवय असेल तर तीही सोडावी लागेल, कारण धूम्रपान आणि मोतीबिंदू यांचा संबंध सिद्ध झालेला आहे.

किडनीबद्दल बोलायचे तर अति उष्णतेत कष्टाचे काम आणि वारंवार होणारी पाण्याची कमतरता यांचा मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, हे मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांच्या आजारामुळे जगाच्या लक्षात आले. आपल्या विदर्भातही अकोला, बुलडाणा, अमरावती या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातील गावांत किडनीच्या रुग्णांची चर्चा अनेक वर्षे चालू आहे, जरी तिथला प्रश्न मुख्यतः पिण्याच्या खाऱ्या पाण्याशी जोडला जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा शेतात दुपारी अकरा ते चार काम न करणे हा उपाय मला कोणत्याही औषधापेक्षा मोलाचा वाटतो.

वडिलांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दिवसभराच्या कष्टानंतर अंगदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून घेणे आपल्या गावांत अगदी सर्रास चालते. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. वडील त्या घेत असतील तर आजच बंद करा आणि किडनीच्या डॉक्टरांना तसे सांगा. मात्र ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला किडनीच्या प्रत्येक रुग्णाला लागू होत नाही. ज्यांच्या पायावर सूज आहे किंवा लघवी कमी होते, त्यांनी दिवसाला किती पाणी प्यावे हे नेफ्रॉलॉजिस्टनेच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच, ठरवायचे असते, आणि क्षार-संजीवनीच्या पाकिटातही पोटॅशियम व सोडियम असते हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझे वय ४४. चार वर्षांपूर्वी आईने दिलेल्या किडनीचे प्रत्यारोपण झाले. तब्येत उत्तम आहे. गेल्या काही महिन्यांपासून रात्री वर्धा रोडने गाडी चालवताना समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत पसरतात, दिवसा उन्हात तर वाचताच येत नाही. चष्म्याचा नंबर मात्र फारसा बदललेला नाही. प्रेडनिसोलोन बंद केली तर फरक पडेल का? — एक वाचक, खामला, नागपूर

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की तपासणीपूर्वीच अंदाज बांधता येतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइडमुळे होणारा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या अगदी मागच्या आवरणालगत, बरोबर मध्यभागी होतो. त्याला पोस्टिरियर सबकॅप्सुलर मोतीबिंदू म्हणतात. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, पाहिले तर भिंगाचा बाकी सर्व भाग काचेसारखा स्वच्छ असतो आणि मागे मध्यावर साखरेचे दाणे विखुरल्यासारखा छोटासा खरबरीत ठिपका दिसतो. ठिपका छोटा असला तरी तो प्रकाशाच्या वाटेवरच असतो. उन्हात बाहुली आकुंचन पावली की सगळा प्रकाश त्या ठिपक्यातूनच जातो, म्हणून दिवसा वाचता येत नाही. रात्री दिव्यांच्या प्रकाशाचे फाटे फुटतात तेही त्यामुळेच. खोलीच्या मंद उजेडात तक्त्यावरची अक्षरे मात्र बरी वाचता येतात, आणि म्हणूनच ‘तुमचे डोळे ठीक आहेत’ असे सांगून अशा रुग्णांना परत पाठवले जाण्याची भीती असते. दिव्यांच्या झगमगाटाची तक्रार डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू नये. आईने दिलेली किडनी शरीराने नाकारली, तर त्या नुकसानीपुढे मोतीबिंदू हा किरकोळ आजार ठरेल, आणि स्टेरॉइड अचानक तोडल्याचे इतर धोकेही आहेत. शिवाय झालेला मोतीबिंदू गोळी थांबवून विरघळत नाही. मात्रा कमी करणे शक्य आहे का, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी ठरवायचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून दृष्टी पूर्ववत होण्याची शक्यता आपल्या बाबतीत चांगली आहे. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू असल्यामुळे जंतुसंसर्गाबाबत अधिक दक्षता घ्यावी लागेल, म्हणून त्या सर्व औषधांची यादी नेत्रतज्ज्ञांना द्यावी. स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाबही वाढू शकतो आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही, त्यामुळे या भेटीत दाब मोजून घ्यायला विसरू नये. तोवर रात्री गाडी चालवणे टाळावे.

प्रश्न : आईचे डायलिसिस सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी असते. गावातल्या शिबिरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिचे नाव लिहून घेतले आहे. किडनी खराब असताना ऑपरेशन झेपेल का? कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, उमरेड

ऑपरेशन झेपते. आजची फेको शस्त्रक्रिया (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बाहेर काढण्याची पद्धत) बहुधा फक्त थेंबांची भूल देऊन, दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून होते आणि रक्तस्राव जवळजवळ होत नाही. डायलिसिसवर असणे हे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण असू शकत नाही. उलट ज्या माणसाला औषधाच्या गोळ्या ओळखायच्या आहेत, पाणी मोजून प्यायचे आहे आणि आठवड्यातून तीनदा रुग्णालयात ये-जा करायची आहे, त्याला नीट दिसणे इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे.

तथापि शिबिरात नाव लिहून मोकळे होऊ नये. शिबिरातून होणाऱ्या शस्त्रक्रियांनी आपल्या देशात असंख्य लोकांना दृष्टी दिली आहे, आणि १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे हे मोठेच यश आहे. पण नाव लिहून घेणाऱ्या स्वयंसेवकाला आईचे डायलिसिस सुरू आहे हे ठाऊक असेलच असे नाही. आपण स्वतः सांगावे, आणि शक्य असल्यास जिथे नेत्रविभागाबरोबर किडनीचे डॉक्टरही एकाच आवारात आहेत अशा ठिकाणी शस्त्रक्रिया करावी. नागपुरात मेडिकल आणि मेयो या शासकीय रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

दिवस निवडताना डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ घ्यावी. आईच्या वेळापत्रकात मंगळवार किंवा गुरुवार. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जाते, त्याचा असर तोवर उतरलेला असतो, आणि शरीरातले जादा पाणी नुकतेच काढलेले असते. ही दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पंधरा-वीस मिनिटे पाठीवर सपाट, चेहऱ्यावर कापड घेऊन, न हलता झोपावे लागते. छातीत पाणी साचलेल्या माणसाला सपाट झोपले की गुदमरते, तो मध्येच उठून बसायचा प्रयत्न करतो आणि त्या क्षणी उपकरण डोळ्याच्या आत असते. म्हणून आदल्या रात्री घरीच आईला एका पातळ उशीवर अर्धा तास सपाट झोपवून पाहावे. खोकला आला, दम लागला, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

आईच्या ज्या हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) आहे, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, रक्तही काढू देऊ नये. आपल्याला ही गोष्ट पाठ असेल, पण नेत्र रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना हे रुग्ण रोज भेटत नाहीत आणि कापडाखाली गेल्यावर तो हात दिसतही नाही. त्या मनगटावर ‘फिस्टुला’ असे ठळक अक्षरांत लिहिलेली चिकटपट्टी लावण्याची पद्धत मी पाळतो. आपणही तसा आग्रह धरावा.

औषधांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. हृदयात स्टेंट असेल तर मनाने बंद करणे धोक्याचे आहे. वॉरफॅरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारा आकडा) तपासून निर्णय होतो. रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्याव्यात की नाही हे विचारून घ्यावे, बहुधा घ्यायच्याच असतात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्सची गोळी देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. ही गोळी मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. किडनी निकामी असलेल्या रुग्णात ती साठून रक्तातील आम्लता वाढते, ग्लानी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. चिठ्ठीवर हे नाव दिसले तर ‘आईचे डायलिसिस आहे’ असे पुन्हा एकदा सांगावे. शिरेतून दिल्या जाणाऱ्या मॅनिटॉलबाबतही तीच सावधगिरी. दुखले तर पॅरासिटामॉल पुरेसे असते. डोळ्यात घालायच्या दाहशामक थेंबांची भीती बाळगू नये, त्यांचा रक्तात जाणारा अंश फारच अल्प असतो.

साखरेसाठी नुसत्या एचबीए१सीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, विसंबू नये. किडनीच्या आजारात लाल पेशींचे आयुष्य कमी झालेले असते, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. ग्लुकोमीटरने घेतलेल्या आठवडाभराच्या नोंदी सोबत न्याव्यात. आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाताना डायलिसिसची वही, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि हिपॅटायटिसच्या तपासण्यांचे ताजे कागद पिशवीत असलेच पाहिजेत. किडनीचे कागद एका कपाटात आणि डोळ्यांचे दुसऱ्या कपाटात, असे आपल्याकडे फार घरांत असते.

प्रश्न : प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि क्रिएटिनिन २.१. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपूर्वी ही गोळी बंद करावी का? — एक वाचक, कामठी

बंद करून विशेष उपयोग होत नाही, कारण बुबुळावरचा तिचा परिणाम दीर्घकाळ राहतो. या गोळीमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळ ढिले पडून हेलकावे खाते आणि बाहुली आकुंचन पावते, हे २००५ पासून माहीत आहे. डॉक्टरांना आधी कळले तर ते तशी तयारी ठेवतात. पूर्वी कधीतरी घेतली असेल, तरीही सांगावे.

प्रश्न : मला किडनीच्या आजाराची तिसरी पायरी सांगितली आहे. मोतीबिंदू वाढू नये म्हणून रोज संत्र्याचा रस, गाजराचा रस आणि डोळ्यांसाठीच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेते. एका परिचितांनी मध आणि कांद्याच्या रसाचे थेंबही सुचवले आहेत. — एक वाचक, महाल, नागपूर

थेंबांचे आधी सांगतो. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. त्याने मोतीबिंदू जात नाही, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर जखम आणि जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध झालेले औषध आजतरी कोणत्याही पॅथीत उपलब्ध नाही.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची मोठी कसोटी अमेरिकेत झाली होती. क आणि ई जीवनसत्त्वे व बीटा-कॅरोटीन मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे देऊनही मोतीबिंदूची वाढ थांबली नाही, असा तिचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या रुग्णांत तर त्या अपायकारक ठरू शकतात. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा शरीरात ऑक्झलेट वाढवते आणि ते मूत्रपिंडात साठू शकते. अ जीवनसत्त्वही किडनीच्या आजारात शरीरात साचते. नेफ्रॉलॉजिस्टनी लिहून दिल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत.

नागपूरकराला संत्रे खाऊ नका म्हणणे मलाही जड जाते, पण संत्र्याच्या आणि गाजराच्या रसात पोटॅशियम बरेच असते आणि एका पेल्यात तीन-चार फळांचा ऐवज एकदम पोटात जातो. आपले पोटॅशियम किती आहे ते तपासून, आहारतज्ज्ञांना विचारून, अख्खे फळ किती आणि कधी खाता येईल ते ठरवावे. रस मात्र थांबवावा. मोतीबिंदूसाठी खरोखर करण्यासारखे आहे ते साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, उन्हाचा चष्मा वापरणे आणि वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासणे.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डायलिसिस सुरू आहे. महागडे भिंग बसवूनही दृष्टी धूसरच आहे. आता डॉक्टर डाय टाकून फोटो काढायचा म्हणतात. किडनीला डाय चालत नाही ना? — एक वाचक, सक्करदरा, नागपूर

शस्त्रक्रिया नीट होऊनही दृष्टी न येण्याची कारणे तीन-चारच असतात. बसवलेल्या भिंगामागचे आवरण धूसर झाले असेल तर याग लेसरने काही मिनिटांत ते साफ करता येते. पडद्याच्या मध्यबिंदूवर सूज असेल, मधुमेहामुळे किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे पडद्यावर रक्तस्राव असेल, तर भिंग कितीही महाग असले तरी दृष्टी येत नाही. शरीरात पाणी साचल्यानेही पडद्याची सूज वाढते, त्यामुळे दोन डायलिसिसमधल्या काळात आपले वजन किती वाढते तेही डॉक्टरांना सांगावे. पडदा खराब असलेल्या रुग्णाला मल्टीफोकल (जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणारे) भिंग बसवण्याच्या मी विरोधात आहे. त्या भिंगात प्रकाश विभागला जातो आणि आधीच कमजोर असलेल्या पडद्याला तो पुरत नाही. साधे मोनोफोकल (एकाच अंतरासाठीचे) भिंग अशा डोळ्यांना अधिक न्याय देते.

आपण ज्या डायला घाबरता, ते सीटी स्कॅनसाठी वापरले जाणारे आयोडीनयुक्त रसायन आहे. डोळ्याच्या फोटोसाठी फ्लुओरेसिन नावाचे पिवळे रंगद्रव्य शिरेतून देतात. त्यात आयोडीन नसते, आणि किडनीला अपायकारक म्हणून ते ओळखले जात नाही. ते मूत्रावाटे बाहेर पडत असल्यामुळे आपल्या अंगाचा पिवळेपणा थोडा अधिक काळ टिकेल, एवढेच. ॲलर्जीचा इतिहास असेल तर सांगावा, आणि सुई फिस्टुलाच्या हातात नको. पुष्कळदा ओसीटी या, प्रकाशाच्या साह्याने पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीनेच काम भागते, तिला कोणतेही इंजेक्शन लागत नाही. ती आधी करता येईल का, हे विचारावे.

प्रश्न : माझा भाचा १५ वर्षांचा आहे. शाळेच्या तपासणीत लघवीत रक्ताचा अंश निघाला होता, पण लक्ष दिले नाही. त्याला थोडे कमी ऐकू येते आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. आजोबा किडनीच्या आजाराने गेले. डोळ्यांचा आणि याचा काही संबंध असेल का? — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

असू शकतो, आणि हे पत्र वाचताच मी ते बाजूला काढून ठेवले. अल्पोर्ट सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात मूत्रपिंडाची गाळणी, आतला कान आणि डोळ्यातल्या भिंगाचे आवरण या तिन्ही ठिकाणी लागणारे एकाच जातीचे कोलॅजेन सदोष तयार होते. भिंगाचे पुढचे आवरण कमकुवत असल्यामुळे भिंग मध्यभागी शंकूसारखे पुढे येते आणि चष्म्याचा नंबर वारंवार बदलत राहतो. पुढे तिथे मोतीबिंदूही होऊ शकतो. मुलग्यांत हा आजार अधिक तीव्र असतो.

पत्रावरून निदान करता येत नाही, आणि चष्म्याचा नंबर या वयात साध्या कारणानेही बदलतो. पण लघवीतले रक्त, ऐकण्यातली कमतरता आणि घरातला किडनीचा इतिहास या तीन गोष्टी एकत्र आल्यावर वाट पाहू नये. याच आठवड्यात भाच्याची लघवी तपासून त्यातील रक्त आणि प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन, रक्तदाब आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) या तपासण्या करून घ्याव्यात, आणि नेत्रतज्ज्ञांकडे चष्म्याच्या नंबरापुरते न थांबता बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पखाली भिंग पाहण्यास सांगावे. सर्व कागद घेऊन मुलांच्या किडनीतज्ज्ञांना भेटावे. आजार लवकर ओळखला गेला तर रामिप्रिलसारख्या औषधांनी मूत्रपिंडे निकामी होणे बरीच वर्षे लांबवता येते. त्याच्या आईची लघवीही त्याच दिवशी तपासून घ्यावी.